कंपनी बदलली, पण नेमकं काय बदललं? एका घराच्या फायबर कनेक्शनचं प्रकरण

घरात पाच माणसं. नवरा-बायको दोघांचं ऑफिस बरंचसं घरूनच चालतं, मुलगी कॉलेजात, आजी-आजोबा खालच्या मजल्यावर. नेट आधीपासून फायबरचंच होतं: डाउनलोड १०० एमबीपीएस, अपलोड २०. तक्रारी दोन होत्या. संध्याकाळी सातनंतर व्हिडिओ कॉलवर आवाज तुटायचा आणि चेहरे गोठायचे. दुसरी म्हणजे वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत नेट कधीच धड चालत नसे. अशात दुसऱ्या एका कंपनीची फायबर परिसरात आली, दोन्ही बाजूंनी ३०० एमबीपीएस देऊ म्हणाली, आणि घरात ठरलं की कंपनी बदलायची. मला बोलावलं ते हे ठरल्यावर, 'एकदा नजर टाक' एवढ्यापुरतं.

माझं म्हणणं असं होतं की कंपनी बदलल्यावर बदलतो तो भिंतीबाहेरचा रस्ता. भिंतीच्या आतलं सगळं आहे तसंच राहतं. तेव्हा कुठलं दुखणं आतलं आणि कुठलं बाहेरचं हे आधी ठरवू, मग सही करा. घरच्यांना हा वेळकाढूपणा वाटला. पण जुनं कनेक्शन कापलं की तुलना करायला काही उरणार नाही, हे मात्र त्यांना पटलं.

तीन खिडक्या

स्पीड टेस्ट करून बघणं सगळ्यांना आवडतं. ती इतकंच सांगते की त्या अर्ध्या मिनिटात किती डेटा खेचता आला. कॉलवर आवाज का तुटतो, याचं उत्तर तिच्यात बहुधा नसतं. त्यासाठी पिंग, म्हणजे एक छोटा संदेश पाठवून त्याचं उत्तर परत यायला लागणारा वेळ, बघावा लागतो, आणि तोही एकाच ठिकाणचा बघून भागत नाही. लॅपटॉपवर तीन खिडक्या उघडल्या. एकीत घरच्याच राउटरला पिंग, दुसरीत कंपनीच्या पहिल्या गेटवेला (घराबाहेरच्या तिच्या पहिल्या यंत्राला), तिसरीत बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला. तिन्ही एकाच वेळी चालू. पहिला बिघडला तर दोष घरात. पहिला नीट आणि दुसरा बिघडला तर घर ते कंपनी या टप्प्यात. पहिले दोन नीट आणि तिसराच बिघडला तर कंपनीच्या पलीकडच्या वाटेत.

मागच्या खोलीचा निकाल लगेच लागला. तिथे वाय-फायवर पहिलाच आकडा उड्या मारत होता. कधी ३ मिलिसेकंद, कधी २००, मध्येच पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, गायब. खोलीपासून स्वतःच्या राउटरपर्यंतच वाट अशी, तर पुढचं काय बोलायचं! राउटर खाली टीव्हीच्या कपाटात कोंबलेला, मध्ये स्लॅब आणि दोन भिंती. हे दुखणं कुठलीही कंपनी आणली तरी राहणार, असं मी त्याच वेळी सांगून ठेवलं. मान डोलावली सगळ्यांनी, पण ३०० हा आकडा डोक्यात बसलेला असताना असल्या सूचना कानाबाहेरच राहतात.

संध्याकाळच्या तक्रारीला जास्त वेळ लागला. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला, म्हणजे वाय-फायचा प्रश्न मिटला. पहिला आकडा एका मिलिसेकंदाच्या आत. दुसरा एरवी स्थिर, पण अधूनमधून काही मिनिटं एकदम फुगायचा आणि परत खाली यायचा. तिसरा मात्र सातच्या सुमारास चढायला लागायचा आणि रात्री उशिरापर्यंत सकाळच्या जवळपास तिप्पट राहायचा. एकाच तक्रारीच्या पोटात दोन वेगळी कारणं होती.

फुगवटा नेमका केव्हा येतो याकडे लक्ष दिल्यावर चोर घरातच सापडला. बाहेरून आलेली माणसं फोन चार्जिंगला लावतात, फोन वाय-फायला जोडले जातात, आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ बॅकअपला चढू लागतात. २० एमबीपीएसची अपलोड वाट तेवढ्यात भरून जाते. जी पॅकेटं लगेच बाहेर पडू शकत नाहीत ती राउटरच्या रांगेत साचतात, आणि कॉलच्या आवाजाचं छोटंसं पॅकेट त्यांच्यामागे ताटकळत उभं राहतं. जाणकार याला बफरब्लोट म्हणतात. डाउनलोड मोकळं असून उपयोग नसतो, कारण समोरच्याला आपला आवाज पोचतो तो अपलोडमधूनच. फोनचा बॅकअप बंद करून पुन्हा मोजलं, तर दुसरी खिडकी सपाट.

राहिली तिसरी खिडकी. इथे 'शेजाऱ्यांनी नेट खाल्लं' असं म्हणायला लोक फार उतावीळ असतात. त्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. घरोघरी येणारी फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीची असते: कंपनीकडून निघालेली एक फायबर वाटेतल्या स्प्लिटरमध्ये ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते, आणि त्या सगळ्यांत मिळून डाउनलोडला सुमारे २.५ गिगाबिट, अपलोडला सुमारे १.२५ गिगाबिट एवढी क्षमता असते. पण या प्रकरणात बॅकअप बंद असताना दुसरा आकडा संध्याकाळीही स्थिर होता. म्हणजे शेजाऱ्यांशी वाटून घेतलेली फायबर तुंबलेली नव्हती. तुंबत होतं ते पुढे, जिथून कंपनी आपला सगळा माल बाहेरच्या जगाकडे पाठवते तिथे. त्यावर ग्राहकाच्या हाती काही नसतं, आणि कंपनी बदलण्याला खरं कारण होतं ते हेच.

जाता जाता एक सांगतो, कारण यावरून तक्रार केंद्राशी फुकटचे वाद होतात. ट्रेसराउट, म्हणजे वाटेतल्या टप्प्यांची यादी, काढल्यावर मधल्या एखाद्या टप्प्यासमोर मोठा आकडा दिसला म्हणून तिथेच बिघाड आहे असं होत नाही. मोठे राउटर आपलं मुख्य काम सांभाळून अशा चौकशीला सवडीने उत्तर देतात. वाढलेला आकडा त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकून असेल, तरच त्याला अर्थ.

नव्या कंपनीची संध्याकाळ कशी असते हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. ते कळायला एकच खात्रीचा मार्ग होता. त्याच कंपनीचं कनेक्शन आधी घेतलेल्या ओळखीच्या घरी जाऊन रात्री नऊला हाच तीन खिडक्यांचा प्रयोग करायचा. घरच्या मुलीने तो केला. तिसरा आकडा सकाळी होता तिथेच होता. माझ्या मते निर्णय खरा झाला तो तेव्हा, ३०० च्या आकड्याने नव्हे.

विक्रेत्याचं 'हो'

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न आम्ही कागदावर लिहून काढले होते. अपलोड खरंच डाउनलोडएवढं आहे का? घरचा स्वतःचा राउटर वापरायचा झाला तर तुमचा ओएनटी, म्हणजे तो भिंतीवरचा डबा, ब्रिज मोडवर टाकून देणार का, म्हणजे तो डेटा नुसता पुढे देईल आणि बाकीचं काम आमचा राउटर करेल? आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत, आहे का? फायबर घरात कुठून आणणार? विक्रेत्याने सगळ्यालाच 'हो' म्हटलं, फायबर कुठून येणार यालासुद्धा. मग तेच प्रश्न ईमेलने पाठवले. लेखी उत्तर आलं त्यात ब्रिज मोड 'विनंती केल्यास' झाला होता आणि बाकीचं जमलेलं होतं.

एक प्रश्न त्या कागदावर नव्हता, कारण तो विचारायला हवा हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. काही वर्षांपूर्वी दाराचा कॅमेरा बसवणाऱ्याने जुन्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत यायची वाट उघडून, ठेवलं होतं, आणि फोटोंच्या साठवणीच्या डब्यासाठीही त्यानेच तसंच केलं होतं. सगळं मुकाट चालत होतं, त्यामुळे कुणाच्या आठवणीत नव्हतं. यावर पुढे येतोच.

दिवा हिरवा, आकडा लाल

जोडणीच्या दिवशी टेक्निशियन वेळेवर आला, केबल झपाट्याने ओढली, टोक जोडलं, ओएनटी लावला. "काकू, दिवा हिरवा लागलाय, झालं काम," म्हणून अवजारं गोळा करायला लागला.

दिवा हिरवा होतो तेव्हा एवढंच कळतं की प्रकाश चालण्यापुरता पोचतोय. किती पोचतोय ते ओएनटीच्या आतल्या पानावर डीबीएममध्ये दिसतं (प्रकाशाच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). जीपॉनच्या नेहमीच्या ओएनटीला साधारण -८ ते -२७ डीबीएम या दरम्यान प्रकाश लागतो. इथे आकडा होता -२६.४. काठावर पास. आज चालेल, पण उद्या कनेक्टरवर थोडी धूळ बसली किंवा वाटेतल्या एखाद्या जोडाने किंचित दगा दिला, की लाल दिवा लुकलुकणार आणि तक्रारीचा फोन लावावा लागणार. टेक्निशियनला आकडा दाखवला तर तो म्हणाला, "चालतंय ना?" सध्या चालतंय हे खरंच होतं. पण नव्या कोऱ्या लाइनने काठावर का असावं?

त्याने कुरकुरत का होईना, पण काम नीट केलं. आधी कनेक्टर तपासले. दोन्हीकडे हिरवे, म्हणजे टोक आठ अंशांत तिरकं घासलेले एपीसी. हिरव्यात निळा, म्हणजे सरळ टोकाचा यूपीसी, बसवला तर तो बसतो खरा, पण टोकं एकमेकांना नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. इथे तसं काही नव्हतं. टोकं पुसली, आकडा जरासा सुधारला. मग त्याने ओएनटीकडचं टोक काढून त्यात लाल प्रकाशाचं पेन लावलं. हे पेन म्हणजे या धंद्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू. खोलीतला दिवा बंद केला, आणि खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात केबलच्या पांढऱ्या आवरणातून लाल ठिपका चमकताना दिसला. तिथे केबल काटकोनात दुमडून वर क्लिप ठोकलेली होती. फायबरमधला प्रकाश वळणाला बाहेर गळतो. वळण जितकं तीव्र तितकी गळती जास्त, आणि डाउनलोडच्या १४९० नॅनोमीटर तरंगलांबीला तिचा फटका अपलोडच्या १३१० पेक्षा अधिक बसतो. घरात ओढायच्या नव्या फायबर ७.५ ते १० मिलिमीटर त्रिज्येचं वळण सोसतात, जुन्या प्रकारच्या फायबरला ३० मिलिमीटर लागतात. पण काटकोन कुणालाच सोसत नाही.

क्लिप काढून कोपऱ्यात सैल वळसा दिला. आकडा -२०.१. डेसिबलच्या हिशेबात ६ चा फरक म्हणजे चौपट प्रकाश. वेग आधीही पूर्ण मिळत होता आणि नंतरही तेवढाच, त्यामुळे हा आकडा मागितला नसता तर कुणाला पत्ताही लागला नसता. मुलगी तेवढ्यात 'बघू लाइट दिसते का' म्हणून उघडं टोक डोळ्याजवळ न्यायला निघाली होती, तिला अडवलं. चालू फायबरमधला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही आणि डोळ्यांसाठी बराही नाही.

चौऱ्याण्णव

ओएनटी ब्रिजवर टाकला, घरचा राउटर जोडला, केबलवर स्पीड टेस्ट घेतली: ९४. पुन्हा ९४. घरच्यांचे चेहरे पडले. कुणीतरी विक्रेत्याला फोनही लावला आणि प्लॅन अजून 'अ‍ॅक्टिव्हेट व्हायचाय' असं उत्तर मिळवलं.

९४ हा आकडा इतका ओळखीचा आहे की तो दिसला की आधी केबल बघावी. नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. एखादी जोडी तुटकी असेल तर दोन्हीकडची यंत्रं कुरबूर न करता १०० वर तडजोड करतात, आणि त्यातून पॅकेटांवरची वेष्टणं वजा जाता हातात उरतात सुमारे ९४. जुना प्लॅनच १०० चा असल्यामुळे ही तुटकी केबल वर्षानुवर्षं निर्दोष ठरली होती. ती बदलली, आकडा तीनशेच्या अगदी जवळ गेला. प्लॅन पहिल्यापासून अ‍ॅक्टिव्हेट होता.

दोन्ही कनेक्शनं चालू असतानाचा काळ

जुनं कनेक्शन लगेच बंद करू नका, बिलाचा महिना संपेपर्यंत राहू द्या, हे मी आग्रहाने सांगितलं होतं. एवढ्या दिवसांचं जादा भाडं घरच्यांना जड वाटलं, पण ते भाडं वसूल झालं.

पहिलं निघालं आजोबांचं ईमेल. त्यांचा पत्ता जुन्या कंपनीने कनेक्शनसोबत दिलेला होता, आणि बँकेपासून पेन्शनपर्यंत सगळीकडे तोच नोंदलेला. कनेक्शन बंद झाल्यावर तो पत्ता चालू राहील याची कंपनी हमी देईना. एकेक खातं उघडून नवा पत्ता घालायचा, आणि त्याचा पडताळणीचा संदेश येणार जुन्या पत्त्यावर! जुना पत्ता जिवंत असतानाच हे होऊ शकत होतं. दुसरा आजीचा लँडलाइनचा नंबर. तो नव्या कंपनीकडे नेता येत असेल, तर त्याचा अर्ज जुनं कनेक्शन चालू असतानाच करावा लागतो. आधी बंद केलं तर नंबर सुटतो. आजीच्या मैत्रिणींना तो एकच नंबर पाठ आहे, त्यामुळे घरातल्या इतर कुठल्याही मुद्द्यापेक्षा यावर लवकर एकमत झालं.

घरातली उपकरणं हलवणं त्या मानाने सोपं गेलं. नव्या मांडणीत वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला, घरातल्या पत्त्यांची मालिकाही जुनीच ठेवली आणि जुन्या राउटरचं वाय-फाय बंद केलं. फोन, टीव्ही, प्रिंटर कुणालाच काही कळलं नाही.

कळलं ते कॅमेऱ्याला. बाहेर गेलेल्या बाईंना फोनवर दाराचं चित्र दिसेना, फोटोंचा डबाही उघडेना. घरात बसून बघितलं तर दोन्ही उत्तम चालू. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगच्या ओळी जशाच्या तशा होत्या. मग राउटरचा बाहेरचा पत्ता पाहिला: १०० ने सुरू होणारा, पुढचा आकडा ७२. आणि 'माझा आयपी काय' असं सांगणाऱ्या साइटवर दिसत होता भलताच पत्ता. खुलासा झाला. नवी कंपनी सीजीनॅट वापरत होती.

आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले मोकळे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. ज्या कंपन्या उशिरा आल्या किंवा झपाट्याने वाढल्या, त्यांच्याकडे प्रत्येक ग्राहकाला द्यायला पत्ते नसतात. म्हणून त्या अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्याआड बसवतात; हेच सीजीनॅट. या आतल्या वापरासाठी २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा राखून ठेवला गेला. आतून बाहेर जाणाऱ्याला याचा त्रास जाणवत नाही. बाहेरून आत येणारा मात्र कंपनीच्या दारातच थांबतो, कारण त्याला कुणाच्या घरी पाठवायचं याची नोंद तिथे नसते. आपल्या राउटरमध्ये कितीही दारं उघडली तरी तिथपर्यंत कुणी पोचतच नाही.

वाटा तीन होत्या. कंपनीकडून जादा भाड्याने सार्वजनिक पत्ता घ्यायचा. आयपीव्ही६ वरून जायचं, पण कॅमेऱ्याला ते येत नव्हतं. नाहीतर घरातूनच बाहेर जोडणी सुरू करणारं व्हीपीएन, म्हणजे आपल्यापुरता खासगी बोगदा, बसवायचं. तिसरी निवडली. साठवणीच्या डब्यावर ते सहज बसलं, आणि कॅमेराही त्याच्यामार्फत बघता येऊ लागला. खरं सांगायचं तर स्वस्त कॅमेऱ्याचं दार सगळ्या जगासाठी उघडं ठेवणं हा प्रकार पहिल्या दिवसापासूनच वाईट होता. त्याचं फर्मवेअर कधी अपडेट झालं होतं हे विचारल्यावर घरात शांतता पसरली.

मागची खोली

ती अजून तशीच होती, हे सांगायला नको. 'तीनशे घेऊनही वर काहीच फरक नाही' अशी तक्रार आलीच. आता कपाटातला राउटर बाहेर काढला आणि जिन्याच्या कडेने एक केबल वर नेऊन तिथे वाय-फाय पसरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवला. दुकानदार बिनवायरीचे रिपीटर सुचवत होता. पण तो बिचारा ज्या हवेतून डेटा घेतो त्याच हवेतून तो पुढे पाठवतो, आणि पहिली झेपच दुबळी असेल तर त्याच्यापर्यंत पोचणार काय? एक केबल ओढण्याचा कंटाळा बऱ्याच घरांना महागात पडतो. हे काम जुन्या कंपनीच्या काळातही करता आलं असतं.

संध्याकाळचं मोजमाप पुन्हा केलं. तिसरी खिडकी रात्री नऊलाही शांत. बॅकअपचा फुगवटा अजून येतो, पण अपलोड पंधरापट झाल्यामुळे तो लवकर ओसरतो. शिवाय राउटरमध्ये रांग आवरणारी एसक्यूएमची सोय चालू करून दिली, तेव्हा कॉलवर तो जाणवेनासा झाला.

जुनं कनेक्शन लेखी अर्ज देऊन बंद केलं. ओएनटी परत करताना त्याचा सीरियल नंबर पावतीवर लिहून घेतला, कारण परत केलेल्या डब्याचं बिल महिनाभराने येण्याचे प्रकार घडतात. भिंतीतून आत आलेली जुनी फायबर टेक्निशियन कापून न्यायला निघाला होता, ती मात्र ठेवून घेतली. टोकाला टोपी लावून खोक्यात गुंडाळून ठेवली आहे. उद्या नव्या कंपनीची संध्याकाळही बिघडली, तर नव्याने भिंत फोडायला नको.